आकस्मिक मृत्यूची नोंद

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर रोज एखादी चार ओळींची बातमी असते. विहिरीत पडून, सर्पदंशाने, विजेच्या धक्क्याने किंवा विषारी औषध पोटात गेल्याने कोणी दगावलेले असते. नातेवाइकांनी घाटीत नेलेले असते, डॉक्टरांनी तपासून मृत घोषित केलेले असते आणि शेवटचे वाक्य ठरलेले असते : या प्रकरणी पोलिस ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद करण्यात आली. वाचणाऱ्याच्या दृष्टीने बातमी तिथे संपते. कायद्याच्या दृष्टीने ती तिथे सुरू होते.

या वाक्याकडे माझे लक्ष वेधले गेले ते एका सहीमुळे. आठ-दहा वर्षांपूर्वी फुलंब्री तालुक्यातल्या एका गावी पाहुण्यांकडे गेलो होतो. सकाळी मळ्यातल्या विहिरीत एका शेतकऱ्याचे प्रेत तरंगताना दिसले. पोलिस आले, दोर लावून प्रेत वर काढले आणि पंच म्हणून दोन माणसे हवी होती तेव्हा 'तुम्ही शिकलेले आहात' म्हणून मला पुढे केले. जमादार लिहीत होते, आम्ही पाहत होतो. उंची, बांधा, अंगावरचे कपडे, डोळे मिटलेले की उघडे, हाताच्या मुठी कशा, जखमा आहेत का. शेवटच्या रकान्यापाशी त्यांनी मान वर करून विचारले, "पाय घसरून पडला असेल, का उडी घेतली असेल? पंचांचं मत काय?" कोणी बोलेना. विहिरीच्या काठावर मृताचा थोरला भाऊ बसला होता. तो आमच्याकडे ज्या नजरेने पाहत होता, तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला नाही. 'मरणाचे नक्की कारण समजण्यासाठी प्रेत शवविच्छेदनास पाठवावे' असे मत लिहिले गेले आणि मी सही केली.

ती सही कशावर होती, तो कागद पुढे कुठे जातो आणि तो लिहिण्याची ही रीत आपल्याकडे आली कुठून, याचा शोध मी नंतर घेत गेलो. त्या शोधाची ही हकीगत.

मुंबईचा कॉरोनर

इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्यांना 'कॉरोनर' माहीत असतो. माणूस संशयास्पदरीत्या मेला की कॉरोनरला खबर जाते, तो ज्युरी बोलावतो, साक्षी होतात आणि मृत्यू कसा झाला याचा निवाडा दिला जातो. हे पद इंग्लंडमध्ये ११९४ पासून आहे. राजमुकुटाच्या वतीने नोंदी ठेवणारा तो कॉरोनर. सुरुवातीला त्याचे काम मृतापेक्षा महसुलाशी जास्त निगडित होते, कारण अपमृत्यूतून दंड आणि जप्तीच्या रूपाने राजाला उत्पन्न मिळे. शतके लोटली, महसूल मागे पडला आणि मृत्यूची उघड चौकशी एवढेच काम उरले.

कंपनी सरकारने हे पद हिंदुस्थानात आणले ते फक्त इलाख्यांच्या राजधान्यांपुरते. त्याला नीट बांधीव रूप दिले ते १८७१च्या कॉरोनर्स अ‍ॅक्टने. मद्रासने १८८९ मध्येच हे पद मोडीत काढले. मुंबईत मात्र ते टिकले. अपघात, खून, आत्महत्या किंवा अज्ञात कारणाने अचानक आलेला मृत्यू, तसेच तुरुंगातल्या कैद्याचा मृत्यू, यांची खबर मिळताच कॉरोनरने चौकशी करायची, असे हा कायदा सांगतो. त्यासाठी पाच, सात, नऊ अशा विषम संख्येने, जास्तीत जास्त पंधरा प्रतिष्ठित माणसांची ज्युरी बोलवायची. ज्युरीने प्रेत स्वतः पाहायचे, साक्षी ऐकायच्या आणि मृत कोण, तो केव्हा, कुठे आणि कशाने मेला, हे ठरवायचे. निवाड्यात कोणावर ठपका आला तर त्याला पकडण्याचे वॉरंट काढण्याचा अधिकारही कॉरोनरला होता.

या रचनेतल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, कॉरोनर पोलिस खात्यातला नव्हता. दुसरी अशी की, त्याच्या चौकशीचा शेवट एका उघड निष्कर्षात होत असे. विधवेला, भावाला, मालकाला, विमा कंपनीला, सगळ्यांना तो एकाच वेळी कळे.

मुंबईचे कॉरोनर कोर्ट १९९९ मध्ये बंद झाले. ते दिरंगाईचे झाले होते. पोलिस, दंडाधिकारी आणि सरकारी रुग्णालय ही सगळी यंत्रणा असताना तेच काम दुसऱ्यांदा कशाला, हा युक्तिवाद होता आणि त्यात तथ्यही होते. तेव्हापासून मुंबईतला अपमृत्यू आणि आमच्या फुलंब्रीच्या विहिरीतला अपमृत्यू कायद्याने एकाच रांगेत आले.

निजामाच्या मुलखात

औरंगाबादला कॉरोनर कधीच नव्हता. असण्याचे कारणही नव्हते. हे शहर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. हैदराबाद संस्थानाची स्वतःची फौजदारी प्रक्रिया संहिता होती. ती १३१४ फसली सालची, म्हणजे इंग्रजी गणनेने १९०४-०५च्या सुमाराची. पोलिस खात्याला 'कोतवाली' म्हणत, जिल्ह्याच्या पोलिस प्रमुखाला 'मोहतमीम कोतवाली' आणि ठाण्यावरच्या अधिकाऱ्याला 'अमीन'. कोर्टकचेरीची भाषा उर्दू. गावातल्या मराठी माणसाच्या मरणाचा कागद, त्याला स्वतःला वाचता न येणाऱ्या भाषेत तयार होई.

पोलिस कारवाईनंतर हे सगळे एकदम बदलले नाही. १ एप्रिल १९५१ पासून भारताची १८९८ची फौजदारी प्रक्रिया संहिता हैदराबाद राज्याला लागू झाली आणि तिच्याबरोबर १७४ वे कलम आले. मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. कागद हळूहळू मराठीत आले, पण शब्द तेच राहिले. फौजदार, जमादार, जबाब, फिर्याद, गुन्हा आणि अर्थातच पंचनामा.

'पंचनामा' या शब्दातच दोन परंपरांची गाठ आहे. 'पंच' आपला, 'नामा' फारसी. पाच जणांनी पाहून केलेला कागद, असा त्याचा मूळ अर्थ. गावच्या पांढरीतल्या पाच माणसांनी एकत्र येऊन खरे-खोटे ठरवावे, ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांच्या कितीतरी आधीची आहे. इंग्लंडातल्या कॉरोनरच्या ज्युरीमागेही हीच कल्पना आहे : मेलेल्या माणसाबद्दल त्याच्या शेजाऱ्यांनी बोलावे. फरक पुढे पडला. तिकडे शेजाऱ्यांकडे निर्णय राहिला, इकडे त्यांच्याकडे सही राहिली.

खेड्यात या साखळीची पहिली कडी पोलिस पाटील. १९६७च्या महाराष्ट्र ग्राम पोलिस अधिनियमाने त्याच्यावर हे काम सोपवलेले आहे. गावात अचानक किंवा अनैसर्गिक मृत्यू झाला तर त्याने गावातल्या दोन किंवा अधिक समंजस माणसांना जमवावे, मृत्यूचे कारण तपासावे आणि लेखी अहवाल ठाण्याला पाठवावा. आज मोबाइलमुळे पोलिस तासाभरात पोहोचतात आणि पाटलाचा अहवाल एका फोनवर आटोपतो. पण 'खबर कोणी दिली' या रकान्यात अजूनही बहुतेक वेळा त्याचेच नाव असते.

खबरीपासून घाटीपर्यंत

खबर मिळाल्यावर काय होते? १७४ वे कलम १९७३च्या नव्या संहितेतही त्याच क्रमांकाने राहिले. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि आता ते १९४ वे कलम आहे. सांगाडा तोच आहे. आत्महत्या, दुसऱ्याच्या हातून, जनावराकडून, यंत्राने किंवा अपघाताने आलेला मृत्यू, किंवा गुन्ह्याचा रास्त संशय येईल असा मृत्यू कळला की ठाण्याच्या अधिकाऱ्याने आधी कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवायचे आणि मग जागेवर जायचे. आजूबाजूच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष प्रेत पाहायचे, जखमा, अस्थिभंग, वळ, खुणा लिहायच्या, त्या कशाने झाल्यासारख्या दिसतात ते लिहायचे आणि मृत्यूचे दिसणारे कारण नोंदवायचे. हाच मरणोत्तर पंचनामा. हा अहवाल पूर्वी 'तत्काळ' पुढे पाठवायचा होता. नव्या संहितेने त्याला २४ तासांची मुदत घातली.

'दिसणारे कारण' हे शब्द महत्त्वाचे आहेत. मृत्यू संशयास्पद आहे की नाही आणि वरवर पाहता त्याचे कारण काय, एवढेच या पंचनाम्याने पाहायचे आहे. कोणी मारले, कसे मारले याचा तपशील त्यात नसला म्हणून बिघडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये पेद्दा नारायण खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे हा कागद दाराशी थांबलेल्या माणसासारखा आहे. आत काय आहे ते तो सांगत नाही, आत जायला हवे की नाही एवढेच सांगतो.

पंचनाम्यानंतर प्रेत शवविच्छेदनाला जाते. कारणाबद्दल शंका असेल तर ते पाठवावेच लागते. लग्नाला सात वर्षे पुरी न झालेल्या स्त्रीने आत्महत्या केली किंवा तिचा मृत्यू संशयास्पद असला, तरीही ते बंधनकारक आहे. ही तरतूद १९८३ची. त्या काळी वर्तमानपत्रांत रोज स्टोव्हच्या भडक्याने मेलेल्या सुनांच्या बातम्या येत आणि 'आकस्मिक मृत्यूची नोंद' याच वाक्याखाली त्या गाडल्या जात. स्त्री-संघटनांनी ते वाक्य मान्य केले नाही, म्हणून कायदा बदलला.

आमच्याकडे शवविच्छेदन म्हणजे घाटी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झाले. पाणचक्कीजवळच्या त्याच्या रुग्णालयाला कोणी पूर्ण नावाने ओळखत नाही. जालना, बीड, परभणीच्या माणसालाही 'घाटी' म्हटले की पुरते. एखादा जखमी तिथे उपचार चालू असताना दगावला तर रुग्णालयातल्या चौकीतून नोंद होते आणि कागद शून्य क्रमांकाने मूळ ठाण्याकडे वर्ग होतात. शवागाराबाहेर झाडाखाली बसलेले नातेवाईक हे घाटीचे रोजचे दृश्य आहे. गावाकडे चिता रचून ठेवलेली असते आणि इथे हवालदाराची, कागदाची, डॉक्टरांची वाट पाहायची असते. पूर्वी सूर्यास्तानंतर शवविच्छेदन होत नसे, त्यामुळे संध्याकाळी आलेल्यांची रात्र तिथेच जाई. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने रात्री शवविच्छेदनाला परवानगी दिली, पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेले प्रेत आणि घातपाताचा संशय ही प्रकरणे सर्वसाधारणपणे वगळून. ज्यांना सर्वांत जास्त थांबावे लागते ते बहुधा याच यादीतले असतात.

विषाचा संशय असेल तर 'व्हिसेरा राखून ठेवला' असे लिहिले जाते. पोटातील अवयवांचे भाग बरणीत बंद होऊन न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातात आणि अंतिम मत त्या अहवालावर लटकते. दहावा, तेरावा होऊन जातो, वर्षश्राद्धही कधी होऊन जाते, आणि मृत्यूचे कारण तोवर 'राखून ठेवलेले' असते. शेवटी सगळे कागद उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जातात. घातपात नाही असे दिसले तर आकस्मिक मृत्यूचे प्रकरण बंद होते, संशय आला तर गुन्हा दाखल होतो. प्रकरण बंद झाल्याचा दिवस घरच्यांना माहीत असतोच असे नाही. कॉरोनरच्या कोर्टातला तो उघड निष्कर्ष इथे नाही. इथे शेरा आहे.

घसरला की उडी घेतली

आता पुन्हा त्या विहिरीकडे येतो. जमादारांचा प्रश्न साधा वाटतो, पण मराठवाड्यात त्याच्या दोन उत्तरांचे दोन वेगळे रस्ते आहेत.

शेतकरी पाय घसरून पडला, तर तो अपघात. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या शेतकरी अपघात योजनेत वारसाला २ लाख रुपये मिळतात. ही आधी विमा योजना होती, २०२३ पासून ती सानुग्रह अनुदानाच्या रूपात आहे. तीत बुडणे, सर्पदंश, वीज पडणे, वाहन अपघात हे सगळे बसते. आत्महत्या बसत नाही. आणि अर्जाला जोडायच्या कागदांत पंचनामा व शवविच्छेदन अहवाल असतातच.

त्याने उडी घेतली, तर ती आत्महत्या. मग प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जाते. जमीन नावावर होती का, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते का, ते थकले होते का, फेडीचा तगादा होता का, हे पाहून समिती प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरवते. पात्र ठरले तर २००६च्या शासन निर्णयानुसार १ लाख रुपये : ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. नात्यातल्या माणसाकडून हातउसने घेतले असतील, तर बहुधा अपात्र.

त्या थोरल्या भावाच्या नजरेचा अर्थ मला हे नियम वाचल्यावर कळला. आपला भाऊ कसा मेला हे त्याला कदाचित ठाऊक असेल, कदाचित नसेलही. पण विहिरीच्या काठावर, प्रेत ओले असताना, दोन अनोळखी माणसांच्या तोंडून येणाऱ्या एका शब्दावर त्याच्या भावजयीचे आणि पोरांचे पुढचे वर्ष अवलंबून होते. कायदा म्हणतो की पंचनामा हा अंतिम पुरावा नाही. खरे आहे, कोर्टात नाही. पण गरिबाचे मरण कोर्टात जातच नाही. ते तहसील कचेरीत जाते, आणि तिथे फायलीत सर्वांत वर हाच कागद लावलेला असतो.

या कोंडीचा दुसराही परिणाम होतो. पंच दयेने 'घसरला' म्हणतात आणि आत्महत्येची एक नोंद कमी होते. किंवा गावातले वैर आडवे येते आणि 'उडी घेतली' म्हटले जाते. शेतकरी आत्महत्यांचे जे आकडे विभागीय आयुक्तालयातून दरवर्षी जाहीर होतात, त्यांच्या तळाशी असे विहिरीकाठचे शेकडो अवघडलेले क्षण आहेत, हे आकडे वाचताना लक्षात ठेवावे.

करमाडचे सोळा

८ मे २०२०च्या पहाटे बदनापूर आणि करमाड या स्थानकांच्या दरम्यान रुळांवर झोपलेल्या मजुरांवरून मालगाडी गेली. सोळा जण ठार झाले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला असलेले हे लोक मध्य प्रदेशातल्या शहडोल, उमरिया भागातले. टाळेबंदीत गाड्या बंद होत्या, म्हणून रुळांच्या कडेने भुसावळकडे चालत निघाले होते. चालून थकले आणि गाड्या बंदच आहेत या समजुतीने रुळांवरच आडवे झाले. त्यांच्या भाकरी रुळांवर विखुरल्याचे छायाचित्र सगळ्या देशाने पाहिले.

मी इथे त्यापुढच्या घटनाक्रमाकडे लक्ष वेधतो. खबर गेली, पंचनामे झाले, प्रेते घाटीत आली, शवविच्छेदन झाले आणि त्या मजुरांना जी मिळाली नव्हती ती खास गाडी त्यांच्या मृतदेहांना मिळाली. दोन्ही राज्य सरकारांनी प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे चौकशी सोपवली गेली. प्रत्येक खात्याने आपापला कागद पुरा केला. त्या कागदांत 'ते कशाने मेले' याचे उत्तर आहे : रेल्वेखाली सापडून झालेल्या जखमांनी. 'ते रुळांवर का होते' हा प्रश्न विचारणारा रकाना कोणत्याच पंचनाम्यात नाही. जुन्या कॉरोनरच्या ज्युरीला 'कशाने' या एका शब्दात 'कसे' आणि 'का' यांचाही समावेश करता येई आणि 'हे टाळता आले असते' असे म्हणता येई. तसे म्हणणारे कोणी आपल्या साखळीत नाही.

अहवालानंतर

ज्या मृत्यूंमध्ये पोलिसच प्रश्नाखाली असतात, तिथे पोलिसांनीच पंचनामा करणे कायद्यालाही पटले नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९३च्या डिसेंबरात कोठडीतल्या मृत्यूची खबर २४ तासांत कळवण्याचे निर्देश दिले आणि १९९५ मध्ये अशा शवविच्छेदनाचे चित्रीकरण करण्यास राज्यांना सांगितले. २००६ पासून कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करणे बंधनकारक झाले. नव्या संहितेत हे १९६ वे कलम आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर उसळलेल्या प्रकारात अटक झालेला एक तरुण, कायद्याचा विद्यार्थी, न्यायालयीन कोठडीत असताना १५ डिसेंबरला मरण पावला. शवविच्छेदन घाटीत झाले. प्राथमिक मतात अनेक जखमांमुळे आलेला शॉक असे कारण आले. न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी करून अहवाल दिला. आणि मग एक विलक्षण प्रश्न उभा राहिला : आता पुढे काय? चौकशी कोणी करावी ते कलम सांगते, अहवालानंतर काय करावे ते सांगत नाही. मृताची आई औरंगाबाद खंडपीठात गेली. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

खबर, पंचनामा, शवविच्छेदन, चौकशी, अहवाल हे सगळे पुरे झाल्यावरही मृत्यूला पुढे नेण्यासाठी एका आईला वकीलपत्रावर सही करावी लागली. ज्याला कोणी नाही त्याचा अहवाल कुठे थांबत असेल, हे वेगळे सांगायला नको.

कॉरोनर परत आणा, असे मी म्हणत नाही. ते कोर्ट मुंबईत आपल्याच ओझ्याखाली दबले होते. पण त्यातली एक गोष्ट आपण आजही आणू शकतो. आकस्मिक मृत्यूचे प्रकरण बंद करताना काय ठरले आणि कशाच्या आधारे ठरले, हे घरच्यांना त्यांच्या भाषेत, एका कागदावर, न मागता द्यावे. त्यासाठी नवे कोर्ट लागत नाही.

आणि दुसरी गोष्ट तुमच्या-माझ्या हातातली आहे. पंच म्हणून कोणी बोलावले तर टाळू नये. जावे, प्रेत पाहावे, लिहिलेले वाचावे, जे पाहिले नाही ते लिहिले असेल तर तसे सांगावे आणि मगच सही करावी. त्या दिवशी मी सही केली तेव्हा वाचले नव्हते. नंतर त्या गावी गेलो तेव्हा त्या घरी जायचे धाडस झाले नाही, म्हणून त्यांना काय मिळाले, काय नाही, हे मला आजही माहीत नाही. त्या कागदावर माझे नाव मात्र आहे.